३१ डिसेंबर उलटला की सगळं मोकळं

३१ डिसेंबरला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायला नाशिकच्या गंगापूर रोडवर बॅरिकेड, तोंडाने फुंकायचं मशीन, सगळं हजर. आणि एरवीच्या शनिवारी? परवा रात्री आईला दवाखान्यातून घरी आणत होते. कॉलेज रोडला पुढची गाडी अख्ख्या रस्त्यावर नागमोडी चाललेली, दुभाजकाला घासली तरी वेग तोच. अडवायला चिटपाखरू नाही. आई दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती.

कायदा नाही असं नाही हो! मोटार वाहन कायद्याचं कलम १८५: १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सगळं पाणी मुरतं ते त्या ‘किंवा’त. कोर्टात जायचं, गुन्हा कबूल करायचा, पैसे भरायचे, सुटलं. ज्याचं एका रात्रीचं बिलच तेवढं होतं त्याला दहा हजारांची कसली जरब? दुसऱ्यांदा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी आधी सापडायला तर हवा! नाकाबंदी कुठे लागलीय हे ग्रुपवर आधीच फिरतं, मग हे लोक गल्लीबोळातून गाडी काढतात. त्याच गल्ल्यांत जेवण झाल्यावर आमची म्हातारी माणसं शतपावली घालतात.