आजिकान ऐका, पण पूर्ण ऐका

परवा भाचा आला होता. अकरावीत आहे, कानात कायम ती पांढरी बोंडं. मी ओटा पुसत पुसत 'हारुका कानाता' हे जपानी गाणं लावलं होतं, तर हा आतल्या खोलीतून धावत आला. "मामा, तू नारुतो बघतोस?" मला फार बरं वाटलं. पहिलं ध्रुवपद संपलं आणि साहेबांनी माझ्याच फोनवर पुढचं गाणं लावलं! का रे? तर म्हणे, "संपलं ना, ओपनिंग एवढंच असतं."

दीड मिनिट. 'नारुतो'सारख्या जपानी कार्टून मालिकेच्या, म्हणजे अ‍ॅनिमेच्या, सुरुवातीला टीव्हीवर गाणं लागतं तेवढंच. त्याच्या लेखी गाणं दीड मिनिटाचं आणि उरलेलं सगळं म्हणजे पंगत उठल्यावर वाढायला आणलेला भात.

हे गाणं ज्या जपानी बँडचं, त्याचं एशियन कुंग-फू जनरेशन हे नाव ऐकून हसू येतं, मान्य. जपानमध्ये चाहते त्याचं लघुरूप करून 'आजिकान' म्हणतात. मी आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजीचे कान?" तेव्हापासून आमच्या घरी बँडचं नाव तेच. १९९६ साली योकोहामाच्या कांतो गाकुइन विद्यापीठातल्या म्युझिक क्लबात जमलेली ही पोरं. मासाफुमी गोतो गातो आणि गिटार वाजवतो, केन्सुके किता दुसरी गिटार, ताकाहिरो यामादा बेस, कियोशी इजिची ड्रम्स. गोतो दिसायला अगदी गणिताच्या मास्तरांसारखा, जाड फ्रेमचा चष्मा. केसांचे रंग नाहीत, चामड्याची जाकिटं नाहीत. आणि मग हा मास्तर ओरडायला लागतो.

'हारुका कानाता' २००२ च्या त्यांच्या छोट्या रेकॉर्डवरचं, पुढच्या वर्षी नारुतोचं दुसरं ओपनिंग झालं. सुरुवातीला एकटी बेस गिटार. बाकी सगळे गप्प. बेस हे वाद्य एरवी लग्नातल्या धाकट्या काकासारखं, असतं पण फोटोत दिसत नाही. इथे तोच वरातीच्या पुढे नाचत येतो. चांगले हेडफोन असतील तर तारेवर पडणारा प्रत्येक फटका वेगळा ऐकू येतो. पहिल्याच ओळीत 'आकुसेरु' असा एक शब्द आहे. मी वर्षभर त्याला कुणा मुलीचं नाव समजत होतो. जपानीच्या क्लासला गेल्यावर कळलं, अ‍ॅक्सिलरेटर! आमच्या गॅरेजवाल्यानं त्याचा 'एक्सलेटर' केला, त्यांनी 'आकुसेरु'. पाय दाब, एवढाच अर्थ.

आता 'रिराइट'. २००४ चं, 'फुलमेटल अल्केमिस्ट' या अ‍ॅनिमेमुळे जगभर गेलेलं. टीव्हीवर आपल्याला ऐकू येतं ते 'पुसून टाक, नव्याने लिही' असं ओरडणं. 'रिराइतो शिते' म्हणतो तो. शब्द इंग्रजी, क्रियापद घरचं. आपण 'डिलीट कर', 'फॉरवर्ड कर' म्हणतो तसंच, त्यामुळे मराठी माणसाला हे व्याकरण शिकवावं लागत नाही. पण पुसायचं काय आणि का? ते टीव्हीवर नसलेल्या मधल्या भागात आहे. तिथे गोतो पुन्हा पुन्हा म्हणतो की उगवून आलेली भावना छाटून रडलो, आणि शेवटी आपण सामान्यच आहोत हे कळल्यावर रडलो. मग परत तेच ओरडणं येतं, पण आता ते वेगळं लागतं. आधी वाटतं हा जगावर चिडलाय. नंतर कळतं की स्वतःवर चिडलाय. लाइव्हमध्ये हाच भाग ते लांबवतात, लोकांकडून म्हणवून घेतात. हजारो लोक एकत्र 'मी सामान्य आहे' म्हणतात, आणि सगळे खुशीत असतात! दीड मिनिटवाल्यांना यातलं काहीच मिळत नाही. माझा राग एवढ्याचसाठी.

ते ज्या अल्बमवर आहे त्याचं नाव 'सोल्फा', म्हणजे त्यांचं सारेगम म्हणा. २०१६ मध्ये त्यांनी अख्खा अल्बम नव्याने रेकॉर्ड केला. वाजवणं जास्त सफाईदार आहे, तरी मी २००४ चाच ऐकतो. त्यात जरा घाई आहे आणि ती मला हवी असते. अपवाद 'रि: रि:' चा. ईमेलच्या उत्तराला उत्तर देत गेलं की विषयाच्या रकान्यात साठत जातं ना, तेच ते नाव. ते मात्र नवं ऐका.

'आफ्टर डार्क' तुम्ही 'ब्लीच' या अ‍ॅनिमेत ऐकलंच असेल, त्यावर मी वेळ घालवत नाही. 'सोरानिन' ऐका. त्याचे शब्द इनिओ आसानो या चित्रकथाकाराचे, त्याच्याच कथेतल्या गाण्याचे. २०१० च्या सिनेमासाठी त्यांना चाल लागली ती आजिकानकडून. ज्यांनी अलीकडे 'बोच्ची द रॉक' हा मुलींच्या बँडवरचा अ‍ॅनिमे पाहिला त्यांच्यासाठी एक गंमत: त्यातल्या चार मुलींची आडनावं बघा. गोतो, किता, यामादा, इजिची. आणि शेवटच्या भागात जे गाणं येतं, 'कोरोगारु इवा, किमी नि आसा गा फुरु', ते मूळ यांचंच, २००८ चं.

पण मला एकच अल्बम घेऊन बेटावर पाठवलं तर मी 'सर्फ बुंगाकु कामाकुरा' नेईन. हाही २००८ चा. बुंगाकु म्हणजे साहित्य. फुजिसावा ते कामाकुरा अशी एनोदेन नावाची छोटी रेल्वे आहे, जेमतेम दहा किलोमीटर, एकेरी रूळ, पंधरा स्टेशनं. अल्बममधल्या दहा गाण्यांची नावं त्यातल्या दहा स्टेशनांवरून. 'फुजिसावा लूझर'पासून 'कामाकुरा गुडबाय'पर्यंत, गाडी जाते त्याच क्रमानं. यात कुठलाच अ‍ॅनिमे नाही, जग वाचवणं नाही. 'एनोशिमा एस्कार' हे गाणं चक्क एनोशिमा बेटावरच्या सरकत्या जिन्यावर आहे. १९५९ चा जिना, तिकीट काढून चढायचा, आणि तो फक्त वर नेतो. उतरताना तुमचे पाय. (पर्वतीला असा बसवला तर काय पत्रं येतील वर्तमानपत्रात!)

२०१९ मध्ये कंपनीनं तीन महिने योकोहामाला पाठवलं तेव्हा एका रविवारी मी हा बालिशपणा केलाच. फुजिसावाला पहिलं गाणं लावून गाडीत बसलो. घोळ पहिल्या मिनिटाला लक्षात आला. गाणी दहा, स्टेशनं पंधरा. म्हणजे पाच स्टेशनं गाण्याविना. मग ठरवलं की तिथे पॉज करायचं आणि कानातलं काढायचं. इशिगामी, यानागिकोजी, शोनान काइगान कोएन. घरं इतकी जवळ की वाळत घातलेल्या टॉवेलांवरची चित्रं दिसतात. एनोशिमानंतर गाडी चक्क रस्त्यावरून मोटारींच्या मधून चालते. मग कोशिगोए, आणि एकदम उजवीकडे समुद्र. कामाकुरा कोको-माए, म्हणजे 'कामाकुरा हायस्कूलसमोर', आपल्या बसस्टॉपसारखंच नाव. तिथे फाटकाची टणटण आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दी. गोकुराकुजीला 'हार्टब्रेक' लागलं. गोकुराकु म्हणजे सुखावती, बुद्धाचा स्वर्ग. स्वर्गाच्या स्टेशनावर प्रेमभंग! पुढे बोगदा, मग हासे, युइगाहामा. शेवटून दुसरं वादाझुका, तिथे पुन्हा पॉज. एक आजी उतरल्या, दारात थांबून छत्रीचं बटण लावत होत्या. दार त्यांच्या मागे बंद झालं.

२०२३ मध्ये त्यांनी उरलेल्या पाच स्टेशनांचीही गाणी करून अल्बम पुरा केला. पाचही चांगली आहेत. पण 'वादाझुका वंडर्स' लागलं की मला अजून आधी छत्रीचं बटण ऐकू येतं.

भाच्याला हाच अल्बम पाठवलाय, पंधरा गाण्यांचा. अजून निळ्या टिका आलेल्या नाहीत.