गाईने शिकागो जाळलं नाही

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज परवा पुन्हा आला. ऑक्टोबर लागला की येतोच, दिवाळीच्या शुभेच्छांच्या थोडा आधी. मजकूर थोडक्यात असा: "८ ऑक्टोबर १८७१. शिकागोत मिसेस ओलिअरी गोठ्यात धार काढत होत्या. गाईने कंदिलाला लाथ मारली आणि अख्खं शहर बेचिराख झालं. बाईने पुढे गुन्हा कबूल केला. तिचा एक मुलगा शहराचा महापौर होता, दुसरा जुगाराचे अड्डे चालवायचा. 'इन ओल्ड शिकागो' या जुन्या सिनेमात ही सत्यकथा बघा. त्यात आईचं काम करणाऱ्या नटीला ऑस्कर मिळालं, तेही एक भामटा स्टेजवरून घेऊन पळाला! तात्पर्य: एक छोटी चूक काय करू शकते पाहा." खाली हात जोडलेले तीन इमोजी.

सिनेमा माझा आवडता आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो. नाहीतर ग्रुपवर वाद घालण्याचं वय उलटून गेलं.

आधी कंदील. आग लागली ती रविवारी रात्री, पावणेनऊच्या सुमारास. ज्यांच्या घरी कधी जनावर होतं त्यांनीच सांगावं, त्या वेळेला धार कोण काढतं? आमच्या आजीकडे दोन म्हशी होत्या. पहाटे एक धार, दिवेलागणीच्या आत दुसरी, आणि आठ वाजता गोठ्याची कडी लागलेली. कंदील न्यायचीच वेळ आली तर तो आढ्याच्या खुंटीला. गवताच्या पेंढीशेजारी, जनावराच्या मागच्या पायापाशी कंदील ठेवणाऱ्या माणसाचा दुधाचा धंदा महिनाभर टिकायचा नाही. कॅथरीन ओलिअरी हाच धंदा करत होत्या. नवरा पॅट्रिक मजुरी करायचा आणि बाई आजूबाजूला दूध घालायच्या. आपण तेव्हा झोपलो होतो, असं दोघांनीही शपथेवर सांगितलं. बाईंचा पाय दुखत होता म्हणून त्या लवकर आडव्या झाल्या होत्या. त्यांच्याच घराच्या पुढच्या भागात मॅकलॉक्लिन नावाचं भाडेकरू कुटुंब राहायचं, त्यांच्याकडे पाहुणे आले होते, गाणंबजावणं चालू होतं. पहिली आरोळी ठोकली ती डॅनियल सलिव्हन या लाकडी पायाच्या गाडीवानाने. गोठा ओलिअरींचा होता, आग तिथूनच पसरली, याबद्दल दुमत नाही. कंदिलाच्या गोष्टीत खरं तेवढंच.

"बाईने गुन्हा कबूल केला." कुठे? कोणापुढे? त्यांच्यावर गुन्हाच दाखल झाला नव्हता. त्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोलीस आणि अग्निशमन आयुक्तांच्या मंडळाने चौकशी केली. पन्नास साक्षीदार, हाताने लिहिलेली हजाराहून जास्त पानं. निष्कर्ष असा, की त्या वाऱ्याच्या रात्री एखाद्या धुराड्यातून उडालेल्या ठिणगीने गोठा पेटला की माणसाच्या हाताने, हे आम्ही ठरवू शकत नाही. गाईचा पत्ता नाही. पुढे रिचर्ड बेल्स या वकिलाने जुने जमिनीचे नकाशे आणि साक्षी समोरासमोर ठेवून पाहिल्या. 'मी इथे बसलो होतो, तिथून मला ज्वाळा दिसल्या' असं सांगणाऱ्या सलिव्हनला त्या जागेवरून गोठा दिसणं कठीण होतं, असं त्यांना आढळलं आणि त्यांचा संशय त्याच्याकडे वळला. हाही संशयच, पुरावा नव्हे. पण १९९७ मध्ये शिकागोच्या नगर परिषदेने ठराव करून ओलिअरीबाईंना आणि त्यांच्या गाईला दोषमुक्त केलं. बाई जाऊन तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती.

मग गाय आली कुठून? इथे गाईला निर्दोष मानणारे आमच्या बाजूचे लोकही एक फॉरवर्ड फिरवतात: 'एका वार्ताहराने ही गोष्ट रचली आणि नंतर तसं मान्य केलं.' एका जुन्या वार्ताहराने उतारवयात तसं लिहिलं होतं हे खरं, पण त्यावर फार भार टाकू नये. कारण आग अजून धुमसत होती त्याच दिवशी, ९ ऑक्टोबरला, 'शिकागो इव्हिनिंग जर्नल'ने गाईने दिवा लाथाडल्याचं छापलं होतं. म्हणजे गल्लीतली कुजबुज छापखान्यापर्यंत पोचायला एक दिवसही लागला नाही. पाठोपाठ 'शिकागो टाइम्स'ने बाईंना सत्तर वर्षांची थेरडी ठरवलं, सरकारी मदत बंद झाली म्हणून तिने सूड घेतला असं सूचित केलं. बाई चाळिशीत होत्या आणि कष्टाचं खात होत्या. आयरिश, कॅथलिक, गरीब आणि बाई. खापर फोडायला याहून सोयीचं डोकं त्या शहरात सापडलं नसतं. त्यात दैवाचा खेळ असा, की वारा नैर्ऋत्येकडून होता, आग ईशान्येला धावली आणि ओलिअरींचं राहतं घर शाबूत राहिलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची घरं गेलेली आणि हिचं उभं! लोक काय म्हणाले असतील ते मी लिहायला नको. गोठा, गायी, घोडा मात्र गेला, हे कोणी मोजलं नाही.

आता त्या 'तात्पर्या'कडे येतो, कारण मला खरी चीड त्याची आहे. एका लाथेने शहर जळत नाही. जळायला शहर तयार असावं लागतं, आणि शिकागो सगळा उन्हाळा तयार होत होतं. जुलैपासून इंचभराच्या आसपास पाऊस झाला होता. घरं लाकडी, छपरांना डांबर, फुटपाथ लाकडी, कित्येक रस्त्यांवर पाइनच्या ठोकळ्यांची फरसबंदी. घरामागे गोठे, गोठ्यात हिवाळ्यासाठी भरलेलं गवत, कोपऱ्यात जळणाचा भुसा. तीन लाख वस्तीच्या या शहराला अग्निशमन दलाची माणसं होती १८५ च्या आसपास. त्यांनी आदल्या रात्री, शनिवारी, वस्तीचे चार चौकोन गिळणारी दुसरी मोठी आग विझवली होती. डोळे सुजलेले, होज फाटलेले, जेवण धड नाही, आणि रविवारी रात्री पुन्हा घंटा.

ती घंटाही चुकीची. कोर्टाच्या इमारतीच्या मनोऱ्यावर मथायस शेफर नावाचा पहारेकरी असायचा. आग कुठे दिसते ते पाहून तो खाली तारयंत्रावरच्या माणसाला तिथल्या जवळच्या पेटीचा (आगीच्या इशाऱ्यासाठी शहरभर लावलेल्या पेट्यांपैकी एकीचा) क्रमांक सांगायचा. त्या रात्री त्याचा अंदाज चुकला, त्याने ३४२ सांगितला. ही जागा खऱ्या आगीपासून जवळजवळ मैलभर लांब. थोड्या वेळाने चूक त्याच्या लक्षात आली, त्याने दुसरा क्रमांक वाजवायला सांगितलं. खालचा विल्यम ब्राउन म्हणाला, आता बदललं तर गोंधळ वाढेल. ऑफिसात बसून काम करणारा कोणीही हे वाक्य ओळखेल. काही बंब आधी भलतीकडे धावले, आणि ते योग्य ठिकाणी पोचेपर्यंत आग गोठ्यांची राहिली नव्हती.

मध्यरात्रीच्या आधी तिने नदीची दक्षिण शाखा ओलांडली. पाणी मध्ये आहे, आता थांबेल, असं पलीकडच्यांना वाटत होतं, पण पेटलेल्या फळ्या वाऱ्यावर उडून पलीकडे पडत होत्या. कोर्टाचा मनोरा पेटला, तळघरातल्या तुरुंगातून कैद्यांना सोडून दिलं, आणि वर वाजत असलेली मोठी घंटा रात्री दोननंतर जळत्या मजल्यांतून खाली कोसळली. मग पहाटे पाणीपुरवठा केंद्राच्या छपरावर जळतं लाकूड पडलं, पंप थांबले. त्यानंतर बंब असून उपयोग नव्हता. मंगळवारी पहाटे पाऊस आला तेव्हा आग शमली. यातल्या कुठल्या टप्प्यावर गाय होती? आणि त्याच रात्री उत्तरेला विस्कॉन्सिनमध्ये पेश्टिगो नावाचं गाव जंगलच्या वणव्यात सापडलं, तिथे आणि आसपास हजाराच्या वर माणसं गेली, शिकागोच्या कितीतरी पट. तोच दुष्काळ, तोच वारा. तिथे कोणाच्याही गाईचं नाव नाही, म्हणून आपल्यापर्यंत ते गावही आलं नाही.

"अख्खं शहर बेचिराख." नाही. सुमारे तीनशे माणसं मेली, लाखभर बेघर झाली, साडेसतरा हजार इमारती गेल्या. भयंकरच. पण दोन लाख लोकांची घरं उरली, जनावरांचे प्रचंड बाजार वाचले, आणि म्हणून तर शहर इतक्या झपाट्याने उठलं. १८९३ मध्ये ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, ते याच शहरात, आगीनंतर बावीस वर्षांनी. त्या प्रदर्शनात ९ ऑक्टोबरला आगीच्या आठवणीचा 'शिकागो दिवस' झाला, त्या एका दिवशी सात लाखांवर लोक आले.

आणि 'सत्यकथा'? ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा हा सिनेमा १९३८ च्या जानेवारीत पहिल्यांदा दाखवला गेला, दिग्दर्शक हेन्री किंग. आधीच्या दोन वर्षांत भूकंपावरचा एक सिनेमा तुफान चालला होता, तेव्हा निर्माते झानक यांना आपलीही एक आपत्ती हवी होती. त्यात आई विधवा, कपडे धुऊन तीन मुलं वाढवणारी. नवरा शिकागोला पोचण्याआधीच वाटेत मेलेला. मुलांपैकी एक, म्हणजे नट डॉन अमिची, सरळमार्गी वकील, पुढे महापौर. दुसरा, म्हणजे नट टायरोन पॉवर, गोड बोलणारा, दारूचा गुत्ता आणि राजकारण एकाच खिशात ठेवणारा. दोन भाऊ, दोन वाटा, मध्ये आई. हा मसाला आपल्याला काही परका नाही. भाऊ एकमेकांवर उठले हे ऐकून आई कंदील तसाच टाकून धावते आणि गाय लाथ मारते, म्हणजे आगीचं मूळही घरच्या भांडणातच. पटकथा म्हणून झकास. पण खऱ्या पॅट्रिकने आग पाहिली आणि नंतरही वीसेक वर्षं जगला. १८७१ चे खरे महापौर रॉसवेल मेसन, पेशाने इंजिनिअर, ओलिअरींशी नात्याचा संबंध नाही, आणि सिनेमातल्या महापौरासारखे ते आगीत मेलेही नाहीत. जुगाराच्या अड्ड्याचं सूत मात्र थोडं खरं आहे: ओलिअरींचा मुलगा जिम मोठेपणी जनावरांच्या बाजाराजवळ दारूचा गुत्ता आणि जुगार चालवणारा नामांकित माणूस झाला. आगीच्या रात्री तो दोन वर्षांचा होता. सिनेमात दिसतं तसं आग अडवायला इमारती उडवल्या, लष्कराचे जनरल शेरिडन शहरात होते, हेही खरं. शेवटचा आगीचा भाग आजही श्वास रोखून बघावा असा आहे, जरूर बघा. फक्त पुरावा म्हणून पुढे पाठवू नका.

राहिला भामटा. आईच्या भूमिकेसाठी अ‍ॅलिस ब्रॅडीला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, समारंभ १० मार्च १९३८ ला झाला. तिचा घोटा मोडलेला होता, ती आली नाही, इथवर बरोबर. पुढचं रहस्य, म्हणजे कोणी अनोळखी माणूस उठला, बक्षीस घेऊन अंधारात गेला तो गेलाच, हे कित्येक दशकं छापून येत होतं. २०१६ च्या सुमारास ऑलिव्हिया रुटिग्लियानो या अभ्यासक मुलीने त्या वेळची वर्तमानपत्रं उघडून पाहिली. बक्षीस कोणी स्वीकारलं ते तिथे सरळ लिहिलं होतं: हेन्री किंगने. सिनेमाच्या दिग्दर्शकानेच. आणि ते बक्षीस त्या वेळी पुतळा नव्हताच, सहाय्यक कलाकारांना फलक देत असत. त्यावर नाव कोरायला तो नंतर परत द्यायचा, अशी तेव्हाची पद्धत होती.