ऋणानुबंध

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बारावी होऊन मला सात वर्षं झाली होती. कॉलेज सुरू व्हायला दोन महिने बाकी. म्हटलं, जुन्या कोटासारखं गणित जरा झटकून घेऊ. झटकलं, तर कोट कसरीनं खाल्लेला. हाती आलं एकच बटण : साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर एक.

तरी ऐट अशी, की थेट इंटिग्रेशनला हात घातला. सूत्र बरोबर, पद्धत बरोबर, शेवटी ‘अधिक सी’सुद्धा (सी म्हणजे कुठलीही एक स्थिर संख्या) आठवणीनं लावला. उत्तर चूक. चार वेळा सोडवलं, चार उत्तरं आली, चारही चूक. सहावीतली भाची वहीत डोकावली.

“मामा, १/२ अधिक १/३ म्हणजे २/५?”

“वरचे वर मिळवले, खालचे खाली.”

“अरे, पण अर्ध्यात भर घातलीस आणि उत्तर अर्ध्याहून कमी?”

त्याच संध्याकाळी तिचं पुस्तक उसनं घेतलं. शिवाय चुकांची वेगळी वही घातली. आठवड्याभरात ती पोलिसांच्या डायरीसारखी दिसू लागली. गुन्हेगार तेच ते. (अ + ब)² उलगडताना मधले २अब दर वेळी बेपत्ता. कंसाबाहेरचा वजा पहिल्या पदाला भेटून परत फिरायचा, दुसऱ्याला ओळखही दाखवायचा नाही. बेरजेचं वर्गमूळ मी दोघांना वाटून द्यायचो, म्हणजे ९ अधिक १६ चं मूळ ५ ऐवजी ७. इंटिग्रेशन बिचारं निर्दोष होतं. शाळेतली सगळी थकबाकी मी त्याच्या नावावर मांडत होतो.

थकबाकी हा शब्द प्राचीन भारतीय गणिती ब्रह्मगुप्ताला पटला असता. इ.स. ६२८ मध्ये त्यानं ऋण संख्यांचे नियम लिहिले, ते धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असं धरूनच. त्याच ग्रंथात शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, असं एक चुकीचंही तो लिहून गेला. हे वाचून मला फार बरं वाटलं. भाचीला सांगितलं, तर म्हणाली, “हो, पण त्यांचं बाकीचं बरोबर होतं.”

कॉलेजच्या आदल्या आठवड्यात साइन गुणिले कॉसचं इंटिग्रेशन केलं. मला आलं साइन वर्ग भागिले दोन. इंटिग्रेशनच्या पुस्तकात मागे उणे कॉस वर्ग भागिले दोन. दोन महिन्यांपूर्वी पान फाडलं असतं. आता माझं उत्तर डिफरन्शिएट करून, म्हणजे इंटिग्रेशनची उलटी क्रिया करून, तपासलं. बरोबर. पुस्तकाचं तपासलं. तेही बरोबर! मग ते जुनं बटण आठवलं. दोन उत्तरांत फरक फक्त अर्ध्याचा, आणि तो ‘अधिक सी’नं गुपचूप पोटात घातला होता.

पुस्तकातल्या उत्तरापुढे मी पेन्सिलनं लिहिलं, ‘हेही चालेल.’