बेळगावकराला ‘झेनी’ कसं म्हणावं

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला पुण्याला गेलतो. पंगतीत आग्रह झाला, मी म्हटलं, “घेऊलालो की, तुम्ही बसा.” पलीकडच्या पानावरचा व्याह्यांचा पुतण्या फसकन हसला. “काका, किती झेनी बोलता हो!”

तर वाचकहो, सीमाभागातला माणूस पंगतीला आला की काय करावं, ते सांगतो.

आधी हसावं. मोठ्यानं.

मग “पण ऐकायला गोड वाटतं हं” म्हणावं, बोबड्या पोराला म्हणतात तसं.

मोबाईल पुढं धरून तेच वाक्य परत म्हणायला लावावं.

आणि वर एक इंग्रजी विशेषण फेकावं. ‘झेनी’ झकास. विक्षिप्त, माकडचेष्टा करणारा. आमच्याकडच्या ‘हुच्च’चा इस्त्री केलेला भाऊ म्हणा. फक्त हा शब्द आला कुठून ते बघू नका. मूळ ‘झान्नी’. पांडुरंगाचा पांड्या होतो, तसा व्हेनिसकडं जोवान्नीचा झान्नी. सोळाव्या शतकात इटलीतल्या मुखवट्यांच्या नाटकात हा नोकर असायचा, लांब नाकाचा, सदा भुकेला. बेर्गामोच्या डोंगरातनं पोटासाठी व्हेनिसला आलेला हमाल तो. लोक हसायचे त्याच्या बोलीला. बेर्गामो १४२८ पासून व्हेनिसच्याच राज्यात, तरी याने तोंड उघडलं की शहर खिदळणार! तोच इंग्रजीत जाऊन आधी विदूषकाची नक्कल करणारा झाला, मग विशेषण. म्हणजे हमालाच्या बोलीला हसलेलं ते शिळं हसू माझ्या पानात वाढलं गेलं.

त्या झान्नीचं राज्य तरी एक होतं. आम्ही १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो, न हलता. कचेरीत कन्नड अडखळलं की टेबलापलीकडचा हसतो. उतारा कन्नडात, अर्ज कन्नडात, बसची पाटी कन्नडात, आणि एवढं सगळं अंगावर घेऊन घरात मराठी टिकवली तर ती तुम्हाला झेनी? फ्लेक्सवर ‘सीमाबांधव’, भाषणात गळा दाटतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा, आणि तो बांधव खरोखर शेजारी जेवायला बसला की फसकन हसू!

बाळ, तुझ्या बोलण्यात जिलबी येईपर्यंत ‘ॲक्च्युअली’ अकरा वेळा आलं. मोजलंय मी. हसलो नाही, कारण जेवणाऱ्या माणसाला हसू नये एवढं आमच्या आईनं शिकवलंय. तुला कुणी शिकवलं नाही, ते दिसलंच. आणि तो कुंदा मी आणलेला होता, बेळगावाहून, दोन किलो. तिसऱ्यांदा डब्यात हात घालताना तुला तो झेनी वाटला नाही?