लोककला वाचवायची आहे? या, शिकवतो

नागपुरात लोककला वाचवायची म्हणजे आधी एसी हॉल आणि मोठ्ठा बॅनर. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो घ्या. गाणाऱ्याचा नको, जागा पुरत नाही.

गोंडांच्या कथा पिढ्यानपिढ्या गाणाऱ्या परधान समाजातल्या गायकाला सकाळी बोलवा, रात्री मंचावर चढवा. मधल्या वेळात चहा विचारायची गरज नाही.

वेळ सात मिनिटं. गोंडांच्या आदिगुरू लिंगोची कथा बाना या तंतुवाद्यावर गज फिरवत रात्र-रात्र चालते, मान्य. पण आपल्याकडे दीपप्रज्वलन असतं, स्वागत असतं, स्वागताला उत्तर असतं आणि "मी फार वेळ घेणार नाही" म्हणणारे तिघे असतात. परवा मी असाच एक कार्यक्रम भोगला. गाणाऱ्या परधान आजोबांनी कचारगडच्या गुहेची गोंडी कथा उभी केली. शंभूने गुहेत कोंडलेली पोरं, तोंडावर शिळा, पोरांना सांभाळणाऱ्या जंगो रायताडची तगमग. वादक हिरासुका पाटालीर आपलं तंतुवाद्य, किंगरी छेडणार, पोरांच्या अंगात बळ येणार, तोच निवेदिकाबाई धावल्या, "वाऽऽ! जोरदार टाळ्या!" अहो, शिळा हलायची होती! पोरं आतच राहिली नं बाप्पा! त्या शिळेखाली हिरासुका जीव देतो, ते तर लांबच. पण बाहेर सावजी जेवण लागलं होतं, मग कोण थांबतं?

भाषणात हिस्लॉपसाहेबांना विसरू नका. नागपूरच्या या मिशनऱ्याने परधानाच्या तोंडून लिंगोगीत उतरवून घेतलं, ते त्याच्या मागे १८६६ साली रिचर्ड टेम्पलने छापलं. छापून झालंय, मग गाणारा हवाच कशाला? हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज आहे. समोर बसून सांगणाऱ्या त्या परधानाचं नाव कुणाला विचारू नका, उगाच शांतता पसरते.

मोबाइल उभा धरून शूटिंग करा. झालं जतन.

शेवटी गायकाच्या पोराला मंचावर बोलावून "वारसा सोडू नकोस" असं बजावा. हे सांगायला आपला पोरगा पुण्याला आयटीत असला पाहिजे.

काहून बजावता हो? गोंड यजमान धान्य द्यायचा, कापड द्यायचा, जनावर द्यायचा. त्यावर परधानाचं घर चालायचं, पोरगं बापाच्या बाजूला बसून शिकायचं. आता यजमानच मजुरीला शहरात आलाय. त्याची जागा घ्यायला निघालात आणि देता काय, शाल अन् श्रीफळ? कथा ऐकायची ऐपत नसेल तर बोलवू नका. बोलावलं तर रात्रभर बसा, जाण्यायेण्याचं भाडं अन् मानधन त्याच रात्री हातावर ठेवा. "खात्यात टाकतो" म्हणालात, आजोबांचा खाते नंबर तरी विचारला होता का?