३३ म्हणजे ३३, ४० नाही!

डोकं फिरलंय आज. साधी हवा भरायची होती हो गाडीत, हवा! सकाळी दहाला निघालेला माणूस साडेबाराला घरी आलोय आणि बायको विचारतेय की टायर बदलून आणलेस का.

उद्या पहाटे पुण्याहून कोल्हापूरला निघायचंय, आई-बाबा, दोन पोरं, डिकी फुल, वाटेत खंबाटकी घाट, म्हणून म्हटलं आजच बघून घेऊ. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो, कंपनीने स्वतः चिकटवलेला, टायरमध्ये किती हवा ठेवायची ते सांगणारा, माझ्या गाडीला लिहिलंय ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि फुल लोडला मागे ३६. अर्ध्या लोकांना तो स्टिकर आहे हेच माहीत नाही आणि उरलेले टायरच्या बाजूला छापलेला मॅक्स आकडा वाचून तेवढी हवा मारतात, अरे तो टायर जास्तीत जास्त किती सहन करेल तो आकडा आहे, तुझ्या गाडीचा नाही!

पहिला पंप. मशीनवर गोणपाट, ‘हवा बंद आहे’. हा बोर्ड मी दिवाळीपासून बघतोय. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायलाच पाहिजे, नियम आहे तसा, पण मशीनच बंद ठेवलं की नियम कोण विचारतोय. दुसऱ्या पंपावर मशीन चालू पण पोरगा जेवायला गेलाय. साडेदहाला! आणि नायट्रोजनवाला मात्र तिथेच बाजूला टवटवीत उभा, एका चाकाचे २० रुपये. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो रे बाबा, वरच्या बावीस टक्क्यांसाठी ८० रुपये देऊ का?

तिसऱ्या पंपावर एकदाचा पोरगा सापडला, कानात हेडफोन. मी म्हणतोय पुढे ३३ मागे ३६, तोवर याने दोन चाकांत ४० टाकून पण झाली. म्हटलं अरे काय केलंस, तर म्हणे साहेब हायवेला जाणार ना मग ४० पाहिजेच. मागच्या गाडीतले एक काका काच खाली करून ज्ञान द्यायला लागले की उन्हाळ्यात उलट कमी ठेवायची, २८, म्हणजे गरम होऊन फुटत नाही. घ्या! दोन मिनिटांत दोन डॉक्टर आणि दोघांचं औषध चुकीचं.

काका, कमी हवेनेच तर टायर फुटतो ना! बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते-उठते, दबते-उठते, रबर तापतं, १०० च्या स्पीडला आतले थर सुटतात आणि फाट. आणि ४० मारली की टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकतो फक्त मधला पट्टा, पावसात ब्रेक मारा मग कळेल. वर मधलीच नक्षी झिजून सहा महिन्यांत टायर गोटा. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की तो टायर बाद, खाचेत त्यासाठी छोटे उंचवटे दिलेले असतात, पण आपल्याकडे आतली तार दिसेपर्यंत ‘अजून चालेल की’.

मग त्याने वॉल्व्हमध्ये किल्ली घालून फुस्स करून हवा सोडली, किती सोडली तर अंदाजे. अंदाजे! परत मीटर लावायला लावला तर ३०. मी चार किलोमीटर चालवत आणलेली गाडी, टायर गरम, म्हणजे थंड झाल्यावर अजून दोन-तीन कमीच. हे सांगायला गेलो तर तो माझ्याकडे असा बघतोय जसं काय मी त्याचा पगार कापतोय. त्याचं तरी काय चुकतंय म्हणा, मालकाने पाइप हातात दिला, शिकवलं कुणी?

स्टेपनीत पण टाक म्हटलं तर ‘स्टेपनीत कशाला?’ मला डिकी रिकामी करायला लावली. निघाली १४! चौदा! आठ महिने ती चपटी घेऊन मी घाट चढतोय-उतरतोय, ही चूक माझीच, कबूल. पण दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगच्या कागदावर ‘स्टेपनी चेक’ला टिकमार्क आहे त्याचं काय? ज्याने टिक केली त्याने डिकी तरी उघडली होती का?

आणि वॉल्व्हची चार टोपणं काढली त्यातली तीनच परत आली.

संतापून गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा कॉम्प्रेसरच विकत घेतला येताना, अडीच हजार गेले, म्हटलं पहाटे थंड टायरवर घरीच भरतो. पार्किंगमध्ये तो बॉक्समधून काढला तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे जोशी काका आले, पाच मिनिटांसाठी घेऊन गेले. तासाने विचारायला गेलो, म्हणाले मस्त आहे हो मशीन, चारही चाकांत ४० टाकली.