पडद्यावर ‘आलो’, व्हीओत ‘आले’

नमस्कार.

‘जुना प्रेक्षक’ या नावानं तुम्ही मागच्या लेखाखाली जी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोल्हापुरातल्या काही विद्यार्थ्यांनी अकरावीतल्या एका मुलीची आणि मुलाची प्रेमकथा विनोदी अंगानं पडद्यावर आणली. दोन्ही पात्रांचे व्हॉइस ओव्हर (व्हीओ), म्हणजे चित्रावरून ऐकू येणारं त्यांचं बोलणं, लिहायला आणि रेकॉर्ड करायला मी त्यांच्यासोबत होते, त्याबद्दल तो लेख होता. तुमचे आक्षेप चार. व्हॉइस ओव्हर ही दिग्दर्शकाची पळवाट आहे, सिनेमानं दाखवायचं असतं आणि पटकथेचे गुरू रॉबर्ट मकीही हेच सांगतात. नायिका संवादात ‘मी आलो’ म्हणते आणि व्हीओत ‘मी आले’, ही ढळढळीत चूक आहे. सोळा वर्षांची मुलगी इतकं रचून बोलत नाही. आणि हीच गोष्ट तिनं मोठेपणी आठवून सांगितली असती तर जास्त भिडली असती.

दुसऱ्यापासून सुरू करते. चूक पकडल्याचा आनंद तुमच्या वाक्यात दिसला, आणि तो हिरावून घ्यावा लागतोय.

कोल्हापूरच्या मुली ‘मी आलो, मी गेलो, मी जेवलो’ म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहेच, नाहीतर तुम्हाला ते संवादातही खटकलं असतं. मीही तिथंच वाढले. बघा, इथं ‘वाढले’ लिहिलं. आईशी फोनवर बोलताना हेच ‘वाढलो’ होतं, आणि मला बदल केल्याचं कळतही नाही. आमच्या नायिकेचं तेच आहे. तिचा व्हीओ म्हणजे पुण्यातल्या मावसबहिणीला पाठवलेल्या व्हॉइस नोट्स आहेत. ही बहीण पडद्यावर एकदाही येत नाही, तिचं उत्तरही ऐकू येत नाही. पण ती ऐकणार आहे एवढ्यानं नायिका आवाज जरा वर नेते, ‘की’ आणि ‘लेका’ गाळते, आणि ‘आलो’चं ‘आले’ करते. ‘मी सहज तिकडून चालले होते,’ असं ती बहिणीला सांगते तेव्हा पडद्यावर ती शाहू स्टेडियमच्या गेटसमोरून तिसरी चक्कर मारत असते. मैत्रीण विचारते, ‘परत आलीस?’ ती म्हणते, ‘वही विसरलो होतो.’ एकाच मिनिटात ती दोघींना दोन थापा मारते, दोन वेगळ्या बोलींत. शेवटाकडे त्या मुलाला फुटबॉलच्या मॅचमध्ये लागतं तेव्हाच्या नोटमध्ये ती म्हणते, ‘मी पळत सुटलो.’ त्या ठिकाणी कुठलंही संगीत नाही, क्लोजअपही नाही. तिचं सोंग गळून पडलं हे त्या क्रियापदानं कळतं. ज्याला कळणार नाही त्याचं फार बिघडत नाही, पण कोल्हापूरच्या प्रेक्षकांत तिथं हशा येतो आणि लगेच थांबतो.

आता मकी. त्यांच्या 1997च्या ‘स्टोरी’ या पुस्तकात व्हॉइस ओव्हरवर टीका आहे, पण ती आळशी व्हॉइस ओव्हरवर आहे. त्यांची कसोटी अशी: पटकथेतून निवेदन काढून टाका. गोष्ट तरीही नीट सांगितली जात असेल तर निवेदन खुशाल ठेवा. म्हणजे चित्राच्या पलीकडचं, चित्राला छेद देणारं काही ते सांगत असेल तर त्यांची हरकत नाही. बंदीची कीर्ती पसरली त्याला बराचसा ‘ॲडॅप्टेशन’ हा 2002चा सिनेमा कारण आहे. त्यात मकी नावाचंच पात्र भर वर्गात व्हॉइस ओव्हरवर आग ओकतं आणि समोर बसलेल्या नायकाच्या मनातला आवाज तिथल्या तिथे बंद पडतो. लोकांना तेवढंच लक्षात राहतं. त्याच सिनेमाच्या शेवटी तो आवाज परत येतो, हे कुणी सांगत नाही.

तरी एका बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. विद्यार्थ्यांच्या सिनेमात व्हीओ बहुतेकदा ठिगळ म्हणून येतो हे खरं आहे. एक सीन शूट करायचा राहिला, पाऊस आला, लोकेशनचा परवाना संपला, मग वरून दोन वाक्यं टाकून वेळ मारून न्यायची. अशा शॉर्टफिल्म मीही पुष्कळ सोसल्यात. तिथं आवाज माहिती पुरवतो: ‘मी अमुक, माझं वय सोळा, हे माझे बाबा.’ पण ती निवेदकाची भाषा झाली, पात्राची नाही. मृणाल सेन यांच्या 1969च्या ‘भुवन शोम’मध्ये अमिताभ बच्चन यांचा आवाज आहे, ते त्या गोष्टीतलं पात्र नाहीत, बाहेर उभं राहून ओळख करून देणारे आहेत. ती वाट चांगलीच आहे, पण वेगळी आहे. आमच्या मुलांनी पहिल्या खर्ड्यात या दोन्हींची खिचडी केली होती. नायिका स्वतःबद्दल असं बोलत होती जणू ती स्वतःला आताच भेटलीय.

ती खिचडी निस्तरायला आम्ही दिवाकरांकडे गेलो. म्हणजे शंकर काशिनाथ गर्गे, ‘दिवाकर’ या नावानं नाट्यछटा लिहिणारे. शाळेत कुणीतरी कधीतरी त्यांची एखादी नाट्यछटा हावभावांसकट म्हटलेली असते आणि म्हणून आपण तो प्रकार पोरखेळ समजतो. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो, समोरचा गप्प असतो, आणि बोलणारा दुसऱ्याबद्दल सांगता सांगता स्वतःचंच पितळ उघडं पाडतो, तेही त्याला न कळता. व्हीओला याहून जास्त काय हवं? मुलांना मी सांगितलं, पटकथा बाजूला ठेवा आणि प्रत्येक पात्राची एक नाट्यछटा लिहा. समोर कोण आहे ते ठरवा आणि त्याच्यापासून काय लपवायचंय ते ठरवा, बाकी काही ठरवू नका. मावसबहीण तिथून आली. त्याआधी नायिका ‘प्रिय डायरी’शी बोलत होती, आणि आजच्या अकरावीतली किती मुलं डायरी लिहितात हे त्यांचं त्यांनाच विचारल्यावर वर्गात शांतता पसरली.

परदेशी उदाहरण हवं असेल तर ‘क्लूलेस’ पाहा, 1995चा, एमी हेकरलिंग यांचा. जेन ऑस्टिनच्या 1815च्या ‘एमा’वरून बेतलेला. त्यातली शेर नावाची मुलगी संपूर्ण सिनेमाभर आपल्याला जग समजावून सांगते, इतरांच्या जोड्या जुळवते, आणि तिचं मन कुणात गुंतलंय हे आपल्याला तिच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. व्हीओ काढला तर गोष्ट तीच राहील. फक्त हसू येणार नाही, कारण विनोद तिच्या खात्रीत आहे आणि ती खात्री ऐकूच येते, दिसत नाही.

इथंच तुमचा चौथा मुद्दा येतो. मोठेपणी मागं वळून सांगणं आपल्याला फार आवडतं. ‘तेव्हा कळलं नव्हतं, पण…’ या वाक्यावर मराठीत आख्खी कपाटं भरतील. मला स्वतःला तो सूर गोड लागतो. पण पस्तिशीतल्या बाईला त्या मुलाचं पुढं काय झालं ते माहीत असतं. ती ‘मी सहज चालले होते’ असं म्हणू शकत नाही. म्हणालीच तर डोळा मारून म्हणेल. मग प्रेक्षक तिच्यासोबत हसतो. आम्हाला प्रेक्षक तिच्यापुढं एक पाऊल हवा होता: त्याला आधी कळावं, तिला नंतर. त्यासाठी तिनं आजच, त्याच संध्याकाळी, अर्धवट माहितीवर बोलणं भाग होतं. शिवाय आठवणीचा आवाज लागला की सगळ्यावर एक हळवा पिवळा उजेड पडतो. आमच्या मुलांना हळवं व्हायचं नव्हतं, आणि वीस वर्षांच्या मुलांना चाळिशीच्या हुरहुरीची नक्कल करायला लावणं मला तरी बरं वाटलं नसतं.

‘रचून बोलत नाही’ हे मात्र तुम्ही एकदा तपासून बघाच. घरात कुणी त्या वयाचं असेल तर व्हॉइस नोट पाठवताना लक्ष ठेवा. बटण दाबतात, बोलतात, थांबवतात, स्वतःच ऐकतात, पुसतात, पुन्हा बोलतात. आपण पत्राचे जेवढे कागद चुरगाळले नसतील तेवढ्या नोट्स ही मुलं पुसतात. या पुसण्यातूनच आम्हाला एक युक्ती सापडली. नायिकेच्या व्हीओत काही वाक्यं अर्ध्यात तुटतात आणि सुधारून पुन्हा सुरू होतात. ‘आज त्यानं माझ्याकडे…’ टिक्. ‘आज फिजिक्सचं लेक्चर होतं.’ रचलेलं वाटतं कारण ते रचलेलंच आहे, आणि रचणारी ती आहे. उलट जे खोटं वाटलं असतं ते मुलांनी आधीच काढून टाकलं. पहिल्या खर्ड्यात ‘नाद खुळा’ दर दोन वाक्यांनी होतं. वाचनाच्या वेळी त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, ‘एवढं तर आपण टी-शर्टवर पण छापत नाही.’ एकच राहिलं, आणि ते फिजिक्सच्या सरांच्या तोंडी.

तंत्राबद्दल तुम्ही ‘आवाज फारच कुजबुजता, नाटकासारखा भरदार हवा होता’ असं जाता जाता म्हटलंय. ते तसं मुद्दाम आहे. आमच्याकडची बोलकी मुलं एकांकिका स्पर्धांतून आलेली असतात. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं हा त्यांचा संस्कार, आणि तो रंगमंचावर सोन्याचा आहे. माइकसमोर मात्र शेवटची रांग एका वितीवर असते. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला आम्ही शेवटी पलंगावर पालथं झोपवलं, चहूबाजूंनी वाकळा टांगल्या, माइक तोंडाच्या वितभर अंतरावर पण किंचित बाजूला ठेवला. बाजूला अशासाठी की मराठीत फ, भ, ख, ध यांची रेलचेल आहे, आणि प्रत्येक महाप्राणाला तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो. समोरून माइकवर आदळला की ‘भाऊ’चा स्फोट होतो. माइक जवळ असला की आवाजातला खर्ज वाढतो, त्यामुळं कानाशी बोलल्यासारखं वाटतं. हे स्पीकरवर मोठ्यानं ऐकलंत तर कुजबुज वाटेल. हेडफोन लावून एकदा पाहा.

आणखी एक गोष्ट मागच्या लेखात राहून गेली होती. व्हीओ शूटिंगनंतर लिहायचा नसतो. शूटिंगच्या आधीच सहायक दिग्दर्शिकेनं सगळा व्हीओ फोनवर पायलट म्हणून, म्हणजे तात्पुरता, बोलून ठेवला होता. तो सेटवर वाजवला जायचा, त्यामुळं गेटसमोरची चक्कर किती लांब हवी ते नटीला कळायचं. नाहीतर वीस सेकंदांच्या शॉटवर मिनिटभराचं वाक्य चढवायची पाळी येते, आणि मग सगळी पात्रं बातम्या वाचल्यासारखी धावतात. एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर, खरा आवाज घेतला, आणि त्यात बरीच वाक्यं उडाली. जिथं चेहरा तेच सांगत होता तिथं वाक्य गेलं. व्हीओ कटवरच, म्हणजे शॉट बदलतो त्याच क्षणी, सुरू होत असेल तर तो दहा-बारा फ्रेम पुढं किंवा मागं सरकवला, कारण चित्र आणि आवाज एकदम आले की दोन्ही सूचना दिल्यासारखी वाटतात.

राहता राहिला मुलगा. तुम्ही त्याच्या व्हीओबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं, कारण जास्त धोका तिथंच होता. त्याला ऐकणारं कुणीच नाही. तो तालमीच्या फुटबॉल संघातला राखीव खेळाडू आहे, वर्षभर बाकावर बसलेला, आणि स्वतःच्या आयुष्याचं फुटबॉलच्या मॅचसारखं धावतं वर्णन करतो. ‘डाव्या बगलेतून कॅन्टीनकडे आगेकूच… समोर दोन मैत्रिणींची भक्कम बचावफळी… आणि चेंडू बाहेर!’ त्याचा आवाज उभं राहून, हातभर अंतरावरून घेतला, आणि खालचे-वरचे स्वर छाटून मैदानावरच्या कर्ण्यासारखा केला. दर सीनला ती छाटणी थोडी थोडी कमी होत जाते. बाकावरून उठून तो प्रत्यक्ष मैदानात उतरतो त्या सीनमध्ये धावतं वर्णन नाहीच. खेळायला लागल्यावर त्याला समालोचकाची गरज उरत नाही. आणि ती त्याच्यासमोर येऊन उभी राहते तेव्हा दोघांचेही व्हीओ बंद असतात. सिनेमानं दाखवायचं असतं, असं तुम्ही म्हणालात ना, ते तिथं दाखवलंय. आधी पंधरा मिनिटं दोघं अखंड बडबडली नसती तर ती गप्प झालीत हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

व्हीओ काढलेली प्रत बघायला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मुलांना विचारलं. ते तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे: दोन्ही प्रती तुम्ही सोळा-सतरा वर्षांच्या कुणाच्या तरी शेजारी बसून बघायच्या आणि तो किंवा ती कुठे हसली ते लिहून पाठवायचं. लिंक तुमच्या प्रतिक्रियेखालीच देते.